आधी वंशावळ, मग पराक्रम? : ‘स्टार वॉर्स’च्या दर्शनक्रमाचा वाद

प्रदीर्घ चित्रपटमालिकेतील चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, हा प्रश्न समीक्षेच्या प्रांतातला नसून चाहत्यांच्या फावल्या वेळाचा विरंगुळा आहे, असा समज अभ्यासकांत रूढ आहे. या समजामागे विचार कमी आणि आळस अधिक. घडलेल्या घटनांचा क्रम आणि सांगितलेल्या घटनांचा क्रम या दोहोंतील अंतर हेच कथनाचे मर्म, हे रशियन रूपवाद्यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मांडले. ‘फाब्युला’ आणि ‘स्यूझेत’ ही जोडी तेव्हापासून साहित्याच्या वर्गांत घोकली जात आहे. जेरार जेनेत यांनी १९७२ साली आपल्या कथनमीमांसेचा आरंभच ‘क्रम’ या कोटीपासून केला. एवढी शिदोरी गाठीशी असलेली समीक्षा नऊ चित्रपटांच्या लोकप्रिय मालिकेसमोर उभी राहिली की मात्र ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून अंग काढून घेते. क्रम बदलला म्हणजे काय बदलते, हे न विचारताच वाद निकालात काढला जातो.

‘स्टार वॉर्स’ या मालिकेच्या बाबतीत हा वाद विशेष तीव्र आहे, आणि त्याचे कारण मालिकेच्या निर्मितीतच आहे. १९७७, १९८० आणि १९८३ साली आलेल्या तीन चित्रपटांना पुढे चार, पाच आणि सहा हे क्रमांक मिळाले. १९९९, २००२ आणि २००५ साली आलेले तीन चित्रपट एक, दोन आणि तीन ठरले. २०१५, २०१७ आणि २०१९ चे तीन सात, आठ, नऊ म्हणून शेवटी जोडले गेले. मधल्या काळातील पूरक चित्रपट येथे बाजूला ठेवता येतील. म्हणजे प्रश्न असा की प्रेक्षकाने १९७७ पासून आरंभ करावा, की १९९९ पासून? प्रदर्शनक्रम मानावा की भागक्रम? मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी आपला कौल भागक्रमाला दिला आहे. सहाही चित्रपट मिळून डार्थ व्हेडरची शोकात्मिका होते, असे त्यांचे प्रतिपादन. निर्मात्याचा असा आशीर्वाद लाभल्यामुळे कालक्रमवाद्यांच्या बोलण्याला शास्त्राधार असल्यासारखा रुबाब आला आहे.

हा शास्त्राधार तपासून पाहणे अगत्याचे आहे. १९७७ च्या मे महिन्यात जो चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच्या आरंभीच्या सरकत्या मजकुरात ‘भाग चौथा’ असे शब्द नव्हते. ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी घालण्यात आले. ज्या प्रेक्षकांनी तो चित्रपट प्रथम पाहिला त्यांच्या दृष्टीने तो कशाचाही चौथा भाग नव्हता. तो मध्येच सुरू होणारा एक पहिला चित्रपट होता. यादवी युद्ध चालू आहे, कुणाचे तरी आराखडे चोरीला गेले आहेत, एक म्हातारा केव्हातरी झालेल्या क्लोन युद्धांचा ओझरता उल्लेख करतो आणि पुढे काही सांगत नाही. या न सांगितलेल्या भूतकाळामुळेच त्या विश्वाला खोली येते. मध्यापासून आरंभ करण्याची ही युक्ती होरेसपासून परिचित आहे. तिचे वैशिष्ट्य असे की अगोदरचे सारे ‘असते’, पण ‘दिसत’ नाही. त्या अदृश्य भूतकाळाला नंतर तीन चित्रपटांचे दृश्य रूप देणे हा लुकस यांचा हक्कच होता. पण ते रूप आता आधी पाहावे, असा आग्रह धरणे म्हणजे आरंभाची जी जागा जाणीवपूर्वक मोकळी ठेवली होती ती बुजवून मग प्रेक्षकाला आत सोडणे होय.

कालक्रमवाद्यांचा मुख्य युक्तिवाद साधा आहे : गोष्ट जशी घडली तशी पाहावी. या ‘जशी घडली’मध्येच सारी गफलत आहे. काल्पनिक कथा कोठेही ‘घडलेली’ नसते, ती सांगितली जाते तेव्हाच अस्तित्वात येते. तिचे अंतर्गत पंचांग हे तिचे साहित्य असते, तिचा घाट नव्हे. याचा पुरावा हवा असल्यास १९७७ च्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर झालेल्या एका प्रयोगाकडे पाहावे. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द गॉडफादर’चे दोन्ही भाग कापून, काही वगळलेली दृश्ये घालून, कालक्रमाने जुळवलेली एक दूरदर्शन-आवृत्ती तेव्हा चार रात्रींत दाखवण्यात आली. १९७४ च्या दुसऱ्या भागात तरुण व्हिटो कुटुंब उभे करतो आणि त्याचा मुलगा मायकेल तेच कुटुंब संपवतो, हे दोन काळ एकमेकांत विणलेले आहेत. बापाच्या मांडीवरचे मूल आणि भावाच्या मृत्यूचा हुकूम देणारा पुरुष यांच्यातील अंतर प्रेक्षकाने एका चित्रणावरून दुसऱ्यावर जाताना ओलांडायचे असते. कालक्रम लावला की हे विणकाम उसवते. आधी बापाचा उत्कर्ष, मग मुलाचा ऱ्हास, अशी दोन नीटनेटकी चरित्रे उरतात. घटना त्याच, माणसे तीच; हरवली ती तुलना. ती प्रेक्षकाकडून घडवून घेण्यासाठीच तो भाग तसा रचला होता. कोपोलांनी स्वतःच ही आवृत्ती सिद्ध होऊ दिली, एवढ्याने ती मूळ कृतीच्या बरोबरीची ठरत नाही.

‘स्टार वॉर्स’मध्ये हानी याहून सूक्ष्म आहे. १९८० च्या चित्रपटात ल्यूक स्कायवॉकर एका थोर गुरूच्या शोधात दलदलीच्या ग्रहावर येतो. तेथे त्याला भेटतो एक बुटका, हिरवा, खोडकर जीव. तो त्याच्या डब्यातले खाणे उष्टावतो, दिव्यासाठी भांडतो, मूर्खासारखा हसतो. ल्यूक त्रासतो, प्रेक्षकही त्रासतो. हाच योडा, हे कळते तेव्हा ल्यूकची जी परीक्षा झालेली असते तीत प्रेक्षकही नापास झालेला असतो. बाह्य रूपावरून माणूस जोखू नये, हा धडा तेथे कुणी उच्चारत नाही, तो प्रेक्षकाच्या ओशाळलेपणातून शिकवला जातो. भागक्रमाने येणाऱ्या प्रेक्षकाने मात्र योडाला तीन चित्रपटांत परिषदेच्या आसनावर बसलेला आणि २००२ च्या चित्रपटात तलवार घेऊन उड्या मारताना पाहिलेले असते. दलदलीतला प्रसंग मग त्याच्या लेखी एका ओळखीच्या म्हाताऱ्याची गंमत होऊन बसतो. ल्यूक फसतो, प्रेक्षक फसत नाही, आणि प्रेक्षक न फसल्यामुळे प्रसंगाचे काम होत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धक्का हा कलेचा हीन प्रकार आहे, रहस्य फुटल्याने थोर कृतीचे काही बिघडत नाही, असे म्हटले जाते. महाभारताचे उदाहरण लगेच पुढे केले जाते. कर्ण हा कुंतीचा पुत्र, हे श्रोत्याला आदिपर्वातच ठाऊक होते. युधिष्ठिराला ते कळते युद्ध संपल्यावर. श्रोत्याचे ज्ञान आणि पात्राचे अज्ञान यांच्यातील या दरीतूनच कर्णकथेचा सारा करुण रस पाझरतो. मग व्हेडर हा ल्यूकचा बाप आहे, हे आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला १९७७ चे चित्रपटगृह कुरुक्षेत्रासारखे का वाटू नये?

आक्षेप वजनदार आहे, पण तो रचनेकडे पाहत नाही. महाभारतकाराने जाणत्या श्रोत्यासाठी प्रसंग घडवले आहेत. शस्त्रविद्येच्या रंगमंडपात कर्ण अवतरतो तेव्हा कवी कुंतीला तेथे बसवतो आणि मूर्च्छा आणतो. श्रोत्याचे ज्ञान प्रसंगाच्या आत एका पात्रात साकार होते, म्हणून त्याला तेथे बसायला जागा मिळते. १९७७ च्या चित्रपटात अशी कुंती नाही, आणि असणे शक्यही नव्हते. व्हेडर आणि ल्यूकचा बाप या तेव्हा दोन व्यक्ती होत्या. दुसऱ्या चित्रपटाची ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिलेली पहिली पटकथा उपलब्ध आहे. तीत ल्यूकचा मृत पिता व्हेडरहून निराळा असा प्रकट होतो. बापाचे गुपित त्यानंतर, लुकस यांच्या हातून आले. आणि आल्यावर ते इतके जपले गेले की चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखातल्या नटाच्या तोंडी खोटे वाक्य देण्यात आले, खरे वाक्य ध्वनिमुद्रणात घालण्यात आले. जी कृती आपल्याच नटाला अंधारात ठेवून बनवली गेली, तिचा प्रेक्षक आधीपासून जाणता असावा, हे म्हणणे त्या कृतीच्या बांधणीविरुद्ध जाते.

लुकस यांना ही अडचण दिसली असावी. २००४ साली निघालेल्या आवृत्तीत त्यांनी जे फेरफार केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९८० च्या चित्रपटातील सम्राटाचा संवाद त्यांनी बदलला. मूळ संवादात ल्यूकचा ‘स्कायवॉकरचा पुत्र’ असा उल्लेख होता आणि तो मुद्दाम धूसर होता. नव्या संवादात सम्राट हा मुलगा ॲनाकिन स्कायवॉकरचे अपत्य आहे, असे स्पष्ट बोलतो आणि व्हेडर चकित होतो. म्हणजे जी कुंती रंगमंडपात नव्हती तिला चोवीस वर्षांनी आत आणून बसवण्यात आले. १९८३ च्या चित्रपटाच्या अखेरीस ल्यूकला त्याच्या मृत पित्याची मूर्ती दिसते. तेथे वृद्ध नट सेबॅस्टियन शॉ यांचा चेहरा काढून, नव्या त्रयीतील तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन यांचा चेहरा लावण्यात आला. ल्यूकने हा तरुण चेहरा आयुष्यात कधीच पाहिलेला नाही! पुत्राला न ओळखता येणारा पिता प्रेक्षकाला मात्र ओळखता यावा, अशी ही तजवीज. भागक्रम हा मालिकेत पहिल्यापासून अंतर्भूत होता, या दाव्याचा फोलपणा दाखवायला एवढे पुरे. जो क्रम नैसर्गिक असतो त्याच्या सोयीसाठी जुन्या संहिता खरवडाव्या लागत नाहीत.

परंतु आस्वादातील या हानीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. क्रम बदलला की नायक बदलतो, आणि नायक बदलला की कथेची नीती बदलते. प्रदर्शनक्रमाने पाहणाऱ्याला प्रथम भेटतो तो वाळवंटातल्या शेतावर काकांच्या हाताखाली राबणारा एक मुलगा. त्याच्यात वंशाचे तेज नाही. असलेच तर एका मृत वैमानिक बापाच्या शौर्याची ऐकीव कथा आहे. बलाढ्य साम्राज्याशी तो लढतो कारण त्याचे घर जाळले गेले आहे. भागक्रमाने पाहणाऱ्याला प्रथम भेटतो तो भाकितातला ‘निवडलेला’ बालक. त्याला पिता नाही, जन्म अलौकिक आहे, आणि त्याच्या रक्तातील मिडिक्लोरियन नावाच्या सूक्ष्म जिवांची संख्या वीस हजारांहून अधिक भरते. १९७७ मध्ये जी शक्ती सर्व सजीवांना व्यापून असल्याचे सांगितले होते ती १९९९ मध्ये रक्ततपासणीतून सिद्ध होऊ लागली. भागक्रम लावला की ल्यूकचा प्रवेश चौथ्या भागात होतो, तेव्हा तो एका थोर कुळाचा वारस म्हणूनच येतो. त्याने काही केले नाही तरी तो कोण आहे हे ठरलेले असते.

मराठी वाचकाला ही रचना नवी नाही. पुराणाच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित ही दोन आहेत. कित्येक बखरी नायकाच्या पराक्रमाकडे येण्याआधी त्याचे मूळ थेट पौराणिक राजांपर्यंत नेऊन भिडवतात. वंशावळ आधी, पराक्रम नंतर, हा क्रम केवळ सांगण्याच्या सोयीचा नसतो. पराक्रम हे कुळाचे फळ आहे, असे तो न बोलता सांगतो. भागक्रमाची शिफारस करणारे अभ्यासक अजाणता याच बखरकारांच्या पंगतीला जाऊन बसतात. अत्याचारी सेनापतीची पतनकथा आणि उद्धारकथा हा मुख्य विषय होतो, त्याच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालेल्या ग्रहाची माणसे त्या उद्धाराची पार्श्वभूमी ठरतात.

कुणी म्हणेल, वंशाची गोष्ट तर १९८० मध्येच शिरली होती. खरे आहे; आणि म्हणूनच प्रदर्शनक्रमाचे महत्त्व. त्या क्रमाने पाहिले तर ही मालिका एकसंध गाथा म्हणून दिसतच नाही. जन्म श्रेष्ठ की कर्म, या प्रश्नावर तिने बेचाळीस वर्षे स्वतःशीच घातलेला वाद दिसतो. १९७७ चे उत्तर कर्माच्या बाजूचे. १९८० मध्ये जन्म समोर उभा राहतो, पण शाप म्हणून. ल्यूक तो नाकारून खोल पोकळीत उडी घेतो. १९८३ मध्ये बहीणही निघते, आणि ओबी-वानचे जुने खोटे ‘एका दृष्टिकोनातून खरे’ म्हणून सावरून घेतले जाते. ही सारवासारव अत्यंत लंगडी आहे, पण प्रामाणिकपणे पाहणाऱ्याला तिचा लंगडेपणाच बोलका वाटेल. कथेने दिशा बदलली, याची ती पडद्यावरची कबुली आहे. १९९९ मध्ये जन्म पूर्ण विजयी होतो. २०१७ मध्ये दिग्दर्शक रायन जॉन्सन तो विजय उलटवतात : नवी नायिका रे ही कुणाचीच कुणी नाही, तिचे आईबाप दारूसाठी मूल विकणारी क्षुल्लक माणसे होती, असे सांगितले जाते. २०१९ मध्ये जे. जे. एब्रॅम्स यांच्या चित्रपटात ती थेट सम्राट पॅल्पटीनची नात ठरते. २०१७ चे विधान असे दोनच वर्षांत मागे घेतले गेले. हा झगडा, ही माघार भागक्रमातही शेवटी दिसेल, असे म्हणता येईल. पण तेथे आधीचे सहा भाग एकमुखाने वंशाचाच पुकारा करत असल्यामुळे २०१७ चा चित्रपट निव्वळ विक्षेप वाटतो. ज्याने १९७७ पासून आरंभ केला आहे त्याला तो मूळ प्रश्नाकडे परतल्यासारखा दिसतो. एकाच चित्रपटाचा अर्थ क्रमामुळे असा उलटा होतो.

आता चाहत्यांनी शोधलेल्या तिसऱ्या क्रमाविषयी. चार, पाच, मग दोन, तीन आणि अखेरीस सहा, असा तो क्रम. बापाचे गुपित फुटल्यावर प्रेक्षकाला वीस-बावीस वर्षे मागे नेऊन बापाची कथा दाखवायची, आणि मग मुलाच्या अंतिम कसोटीकडे परतायचे. १९९९ चा चित्रपट यात सरळ वगळलेला आहे. ही मांडणी विद्यापीठीय लेखांतील बऱ्याच पांडित्यापेक्षा अधिक समंजस आहे, हे मान्य करायला हवे. जेनेत ज्याला पश्चदर्शन म्हणतात त्याचे तत्त्व कुणाच्या सांगण्याविना तीत अचूक उतरले आहे. तिने गुपितही राखले आणि बापाच्या पतनाची छाया मुलावर पाडली. तरीही ती आस्वादाचा पहिला क्रम होऊ शकत नाही. ती एक टीका आहे, मूळ कृती जाणणाऱ्याने केलेले पुनर्लेखन आहे. १९८० आणि १९८३ यांच्यामध्ये संपूर्णपणे डिजिटल कॅमेऱ्यांनी चित्रित केलेला २००२ चा चित्रपट घातला की डोळ्यांना जो हिसका बसतो तो तंत्राच्या इतिहासाचा हिसका आहे. या मांडणीला तो लपवावासा वाटतो, आणि लपवता येत नाही. शिवाय जे नको ते वगळायचे, ही मोकळीक एकदा घेतली की वगळलेल्या चित्रपटाशी झगडण्याची जबाबदारीही सुटते. रक्ततपासणीचा प्रसंग न पाहिल्याने तो नाहीसा होत नाही.

वाचककेंद्री समीक्षेचे अनुयायी या साऱ्या वादाला हसतील. लेखकाचा मृत्यू झाल्याची वार्ता रोलाँ बार्त यांनी देऊन अर्धशतक उलटले. मग कोणताही क्रम प्रमाण कसा? हे स्वातंत्र्य ऐकायला गोड आहे. व्यवहारात मात्र मेलेल्या लेखकाच्या खुर्चीवर वाचक क्वचितच बसतो, बहुधा मालक बसतो. सी. एस. लुईस यांच्या ‘नार्निया’ मालिकेचे काय झाले, हे या संदर्भात आठवावे. १९५० साली आलेले सिंह, चेटकीण आणि कपाटाचे पुस्तक हे पहिले. नार्नियाच्या उत्पत्तीची कथा सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आले १९५५ मध्ये. लुईस यांनी एका बालवाचकाला १९५७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन १९९४ पासून इंग्रजी आवृत्त्यांवर नवे क्रमांक छापले गेले आणि उत्पत्तीचे पुस्तक पहिले झाले. गंमत अशी की १९५० च्या पुस्तकात ॲस्लान या नावाचा पहिला उच्चार होतो तेव्हा निवेदक सांगतो की तो कोण हे त्या मुलांना जसे ठाऊक नव्हते तसे वाचकालाही नाही. नव्या क्रमाने येणाऱ्या वाचकाला ते चांगलेच ठाऊक असते. बर्फाळ जंगलात एकटाच जळणारा दिव्याचा खांबही त्याला कोड्यात पाडत नाही, कारण तो कसा उगवला हे त्याने आधीच वाचलेले असते. संहिता एक सांगते, मुखपृष्ठावरचा आकडा दुसरे. आकडा प्रकाशकाचा आहे.

प्रदर्शनक्रम तरी बाजारानेच ठरवलेला नाही काय? आहे. कोणत्या वर्षी कोणता चित्रपट काढावा हा व्यापाऱ्याचा निर्णय असतो, आणि २०१२ साली चार अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला लुकस यांची कंपनी डिस्नेने घेतल्यानंतरच्या चित्रपटांबाबत तर तो उघडच तसा आहे. पण एकदा झालेले प्रदर्शन ही इतिहासातील घटना होते, ती मालकालाही मागे घेता येत नाही. क्रमांक मागे घेता येतो, चेहरा बदलता येतो, संवाद बदलता येतो. १९७७ हे वर्ष बदलता येत नाही. प्रदर्शनक्रमाचा आग्रह हा या अर्थाने बाजाराच्या विरोधातच जातो. मालकाला विकायचे असते ते अखंड विश्व, ज्यात कुठेही प्रवेश करा, सारे सारखेच जुने आणि सारखेच नवे.

या आग्रहाची एक पंचाईत आहे ती अशी की तो आज पुरता पाळताच येत नाही. १९७७ पासून आरंभ करू इच्छिणाऱ्यासमोर अधिकृतपणे येते ती ‘भाग चौथा’ लिहिलेली, १९९७ पासून वारंवार सुधारलेली आवृत्ती. तीत हॅन सोलोने मद्यगृहात आधी गोळी झाडली की नंतर, हेदेखील बदललेले आहे. २००६ च्या डीव्हीडी-संचासोबत पुरवणी म्हणून मूळ रूपे दिली गेली, त्यांचा दर्जा इतका उणा होता की देणाऱ्याची अनिच्छा त्यातून स्पष्ट दिसत होती. २०२५ च्या जूनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या लंडनमधील महोत्सवात १९७७ ची एक मूळ प्रत पडद्यावर आली, तेव्हा जगातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांपैकी एकाचे मूळ रूप पाहायला मिळणे ही बातमी ठरली. पाठचिकित्सेची परंपरा ज्या समाजात आहे तेथील अभ्यासकांना याचे गांभीर्य समजावून सांगावे लागू नये. गाथेच्या पोथ्यांतील एकेका पाठभेदावर पाने खर्ची घालणारी समीक्षा, डोळ्यांदेखत चाललेल्या या पाठबदलाला ‘तांत्रिक सुधारणा’ म्हणते, हे नवल आहे.

२०१९ च्या चित्रपटाच्या अखेरीस रे वाळवंटातल्या त्याच शेतावर येते, जेथून १९७७ मध्ये ल्यूक निघाला होता. वाटेने जाणारी एक म्हातारी तिला विचारते, तू कोण, कुठल्या घराण्याची. रे क्षणभर थांबते आणि स्कायवॉकर हे आडनाव सांगते. रक्ताने ती पॅल्पटीन आहे. भागक्रमाने आलेल्या प्रेक्षकाला येथे एक थोर कुळ पुढे चालू राहिल्याचे समाधान मिळते. १९७७ पासून चालत आलेल्याला ते थांबणे ऐकू येते. घराणे न विचारताच ज्या मुलाला त्या दारातून बाहेर पडू दिले होते, त्याच दारात बेचाळीस वर्षांनी घराणे विचारले जात आहे, आणि उत्तर देणारीने ते उसने घेतले आहे.